आमच्याशी कोणत्या भाषेत बोलाल?

फोन वाजतो. पलीकडून एक मुलगी स्वच्छ मराठीत म्हणते, "सर, विम्याबद्दल दोन मिनिटं बोलायचं होतं." आपण होकार देतो. ती नाव विचारते, आपण नाव सांगतो. क्षणभर शांतता पसरते आणि पुढचे वाक्य हिंदीत येते, "अच्छा सर, आपके लिए एक बहुत बढ़िया प्लान है." आपण मराठीतच उत्तर देत राहतो. ती हिंदी सोडत नाही. शेवटी कोण कोणाच्या भाषेत बोलतो आहे हेच कळेनासे होते.

हा अनुभव आपल्यापैकी कोणाला आला नसेल असे वाटत नाही. बँकेच्या खिडकीवर येतो, दवाखान्यात येतो, मुलाच्या शाळेतही येतो. समोरच्याच्या मनात काही वाईट असते असेही नाही. आपल्या सोयीसाठीच आपण भाषा बदलली असे त्या मुलीला मनापासून वाटत असते. ग्राहकाशी त्याच्या भाषेत बोला, हा जाहिरातीच्या धंद्यातला पहिला धडा तिला शिकवलेला असतो. धडा बरोबरच आहे. फक्त आपली भाषा कोणती, हे तिने आपल्याला विचारलेले नसते. आपल्या नावाला विचारलेले असते.

या छोट्या प्रसंगात एक मोठा नैतिक प्रश्न दडलेला आहे, असे आम्हाला वाटते. दुसऱ्याच्या भाषेत आणि रीतीभातीत शिरून त्याच्याशी बोलणे, हा त्याचा आदर आहे की त्याच्यासाठी लावलेले आमिष? एकच माल, एकच विचार किंवा एकच सरकारी योजना निरनिराळ्या समाजांपुढे निरनिराळ्या रूपात मांडली जाते, तेव्हा कुठपर्यंतचा बदल प्रामाणिक आणि कुठून पुढचा बदल फसवणूक मानायचा?

आधी आकडे पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लिमांची संख्या सुमारे १ कोटी २९ लाख होती. उर्दू ही मातृभाषा नोंदवणारे सुमारे ७५ लाख होते. म्हणजे पन्नास लाखांहून अधिक मुस्लिमांनी उर्दूखेरीज दुसरी एखादी भाषा आपली म्हणून सांगितली. त्यांत हिंदी बोलणारे आले, गुजराती आले, कोकणी आले आणि आपण मराठी बोलणारेही आलो. उर्दू आमची परकी नाही. अनेकांच्या घरी ती कानावर आहे, तिच्यावर प्रेमही आहे. पण मुस्लिम म्हटला की उर्दू किंवा हिंदी, हे समीकरण जनगणनेच्या कागदावरही टिकत नाही. बाजारात मात्र ते पक्के टिकून आहे. १९९० साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा 'मुस्लिमांचे मराठी साहित्य' म्हणजे काय, हे कित्येकांना समजावून सांगावे लागले. ते समजावणे अजून संपलेले नाही.

ऐकणाऱ्याच्या भाषेत बोलण्याचा आग्रह काही कंपन्यांनी शोधून काढलेला नाही. प्रत्येक प्रेषित आपापल्या लोकांच्या भाषेतच पाठवला गेला, अशी आपली श्रद्धा आहे. संदेश कितीही थोर असला, तरी तो ज्याला सांगायचा त्याच्या जिभेवर बसला पाहिजे, हे त्या श्रद्धेत गृहीत आहे. दख्खनच्या सूफींनी हे ओळखले होते. विजापूरच्या परंपरेतल्या सूफींच्या नावाने दख्खनीत 'चक्कीनामे' आणि 'चरखानामे' सांगितले जातात. जात्यावर दळणाऱ्या, चरख्यावर सूत काढणाऱ्या बायकांनी कामाच्या लयीत म्हणावीत अशी ती गाणी. अध्यात्म सांगायचे होते, म्हणून त्यांनी बायकांना जाते सोडून खानकाहमध्ये यायला सांगितले नाही. ते अध्यात्म घेऊन जात्यापाशी गेले. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, तो मराठी माणसांना ऐकवण्यासाठीच. १६१६ साली गोव्यातील राचोल येथे फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. इंग्लंडात जन्मलेल्या या जेझुइट पाद्र्याने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत बांधली आणि स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा इथल्या लोकांचा शब्द वापरला.

आजच्या जाहिरात कंपनीतला हुशार माणूस हे सारे ऐकून म्हणेल, "मग आम्ही वेगळे काय करतो?" त्याचा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. स्टीफन्स यांनाही लोकांना आपल्या धर्माकडे वळवायचे होते. मागे पोर्तुगीजांची सत्ता उभी होती. त्यांचा हेतू निर्हेतुक नव्हता. फरक शोधायचाच झाला तर तो कष्टात सापडतो. ते गोव्यात आले, इथेच चाळीस वर्षे राहिले, इथली भाषा शिकले, तिचे व्याकरण लिहिले आणि इथेच वारले. शेख महंमद तर इथलेच. ज्या भाषेत ते बोलले, ती भाषा त्यांनाही बदलत गेली. जाहिरातीला ऐकणाऱ्याला बदलायचे असते, स्वतः बदलायचे नसते. महिन्याच्या मोहिमेसाठी ती आपली भाषा भाड्याने घेते आणि काम झाले की परत करते.

बाजारात हे कसे घडते ते पाहू. मोठ्या मालाची जाहिरात बहुधा मुंबईत किंवा दिल्लीत आधी हिंदीत बेतली जाते. मग तीच चित्रे ठेवून ओठांच्या हालचालीवर मराठी, तमिळ, बंगाली शब्द बसवले जातात. मराठी प्रेक्षकाची जुनी तक्रार आहे की ही मराठी हिंदीच्या सावलीत वाढलेली वाटते. घरातली बाई ज्या वळणाने कधी बोलत नाही, त्या वळणाने ती पडद्यावर बोलते. आणि मुस्लिमांसाठी? मुस्लिमांसाठी ईद असते. जाळीदार टोपी, डोळ्यांत सुरमा, बिर्याणीचे पातेले, वर चंद्रकोर, मागे सारंगी. कोल्हापूरकडचा पीरपंजाच्या मिरवणुकीत नाचणारा बागवान, लातूरचा मास्तर, रत्नागिरीची सांदणं करणारी काकी, भिवंडीतला यंत्रमागवाला यांपैकी कोणीही त्या चौकटीत मावत नाही. सगळ्यांना एकच शेरवानी घातली जाते.

याहून बारीक गोष्ट अशी की, ज्या जाहिरातींत आम्ही दिसतो त्या पुष्कळदा आमच्यासाठी नसतातच. २०१९ साली सर्फ एक्सेलची होळीची जाहिरात आली. सायकलवरची एक हिंदू मुलगी गल्लीतला सगळा रंग स्वतःवर घेते, म्हणजे तिच्या मुस्लिम मित्राला पांढऱ्या कपड्यांत नमाजला जाता यावे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये तनिष्कची जाहिरात आली. त्यात मुस्लिम सासू हिंदू सुनेची गोदभराई करते. दोन्ही जाहिराती गोड होत्या आणि करणाऱ्यांचा हेतूही चांगला असेल. पण त्या बहुसंख्याकांना उद्देशून होत्या. त्यांतला मुस्लिम हा पाहणाऱ्याला 'आपण किती उदार' असे वाटावे यासाठी उभा केलेला होता. तरीही दोन्हींविरुद्ध बहिष्काराची हाक दिली गेली. सर्फ एक्सेलवर रागावलेल्या काहींनी तर नावसाधर्म्यामुळे हिशेबाच्या एक्सेल या संगणकीय प्रणालीलाच वाईट शेरे दिले. तनिष्कने जाहिरात मागे घेतली. पुढच्या वर्षी फॅबइंडियाने दिवाळीच्या कपड्यांना 'जश्न-ए-रिवाज' असे नाव दिले, म्हणून गदारोळ झाला आणि तेही मागे घ्यावे लागले.

फॅबइंडियाच्या प्रकरणात आक्षेप होता तो दिवाळीला उर्दू नाव का, असा. आम्हाला तेव्हा हसावे की रडावे ते कळेना. दिवाळीला आपण बाजारात जातो, दुकानात शिरतो, किंमत विचारतो, खरेदी करतो, रक्कम मोजतो. यांतला एकेक शब्द फारसी-अरबीतून मराठीत आलेला आहे. 'जाहिरात' हा शब्दही 'जाहिर'पासून झालेला. माधव जूलियन यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश केला, तो असल्या शब्दांचा. भाषेला आपल्या घरात कोण कधी आले हे आठवत नाही. भांडणाऱ्यांनाच ते आठवते.

या घटनांतून कंपन्यांनी काय धडा घेतला असेल? बहुधा एवढाच, की मुस्लिम माणूस जाहिरातीत दाखवणे जोखमीचे आहे. म्हणजे चुकीच्या चित्रानंतर आमच्या वाट्याला रिकामी चौकट आली. चुकीचे दिसणे बरे की मुळीच न दिसणे बरे, या प्रश्नाचे उत्तर आम्हाला सोपे वाटत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. ऐकणाऱ्याशी जुळवून घेणे हे नेहमी चांगलेच असते का? २०१२ साली आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीच्या सौदी अरेबियातील सूचिपत्रात असे दिसले की, इतर देशांच्या आवृत्तीत असलेल्या बायका तिथे चित्रांतून पुसून टाकल्या आहेत. स्वीडनमध्ये टीका झाली आणि कंपनीने दिलगिरी व्यक्त केली. 'तिथल्या लोकांना असेच आवडते' असे यावर म्हणता येईल. पण तिथले लोक म्हणजे कोण? ज्या बाईला चित्रातून पुसले तीही तिथलीच होती, आणि घरातले कपाट कुठे ठेवायचे हे बहुधा तीच ठरवत होती. दूरचे कशाला? आपल्या देशात फेअर अँड लव्हली हे मलम १९७५ पासून विकले गेले. गोऱ्या रंगावाचून लग्न नाही, नोकरी नाही, ही आपल्या समाजाची समजूत त्या जाहिरातींनी अचूक ओळखली आणि तिलाच पाणी घातले. २०२० साली नाव बदलून 'ग्लो' झाले. समजूत तशीच राहिली. आपल्या निकाहाच्या स्थळांच्या कागदांवर अजून 'रंग गोरा' लिहिलेले असते. समाजाची भाषा ओळखणे आणि समाजाचा रोग ओळखून त्यावर धंदा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण दोन्हींना बाजारात 'स्थानिक गरजेनुसार बदल' असेच म्हटले जाते.

सगळ्यांत घातक प्रकार म्हणजे ज्यात आपला ईमानच आमिष म्हणून वापरला जातो. बंगळुरूच्या आय.एम.ए. या संस्थेने व्याज हराम आहे हे जाणणाऱ्या साध्या मुस्लिमांना 'हलाल नफ्या'चे वचन दिले. हजारो ठेवीदारांनी निवृत्तीचे पैसे, मुलींच्या लग्नाचे पैसे तिच्याकडे ठेवले. जून २०१९ मध्ये ती कोसळली आणि तिचा प्रमुख देश सोडून गेला. पुढच्याच महिन्यात त्याला दिल्लीत अटक झाली. आमच्या भाषेत, आमच्या शब्दांत, आमच्या दाढीटोपीत येऊन आम्हाला इतके नेमके कोणी फसवले नव्हते. परक्या कंपनीने आमची भाषा चुकीची बोलली तर फार तर राग येतो. आपल्याच माणसाने ती अचूक बोलून घर बुडवले तर काय म्हणायचे? भाषा अचूक असणे म्हणजे माणूस खरा असणे नव्हे, एवढा धडा त्यातून घ्यायला हवा.

मग कसोटी कोणती? याबाबत दोन सरकारी मोहिमा आम्हाला शिकवतात. २००२ साली देशात पोलिओचे १६०० रुग्ण आढळले. बहुसंख्य उत्तर प्रदेशातले होते आणि त्यांत मुस्लिम मुलांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने फार मोठे होते. अमिताभ बच्चन दूरदर्शनवरून 'दो बूँद जिंदगी की' म्हणून आवाहन करत होते. तरीही पश्चिम उत्तर प्रदेशातल्या मोहल्ल्यांत दारे बंद होत होती. या थेंबांनी मुले पुढे नपुंसक होतात अशी अफवा होती. अफवेच्या मुळाशी आणीबाणीतल्या नसबंदीची आठवण होती. भाषा तर त्यांचीच वापरली होती, आवाज देशातला सर्वांत लाडका होता. मग चुकले कुठे? ऐकण्यात चुकले. २००३ च्या सुमारास युनिसेफच्या मदतीने त्याच वस्त्यांतल्या बायकांना घरोघर पाठवायला सुरुवात झाली. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया, जामिया हमदर्द यांना सोबत घेतले. मशिदींतून घोषणा झाल्या. पण आमच्या मते याहून महत्त्वाचे असे की, त्या बायका लोकांची तक्रार घेऊन परत आल्या. लोक विचारत होते, मुलाला ताप आला तर डॉक्टर येत नाही, गटार तुंबलेले आहे, प्यायला चांगले पाणी नाही, मग या दोन थेंबांसाठीच तुम्ही दर महिन्याला दारात का? हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता, शहाणपणाचा होता. मग त्याच बायका हात धुणे, जुलाबावर मीठसाखरेचे पाणी, इतर लसी यांविषयीही बोलू लागल्या. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह हा सारा प्रदेश पोलिओमुक्त जाहीर झाला.

दुसरी मोहीम आपल्याच राज्यातली. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे म्हणाले की, मुस्लिमबहुल भागांत कोविडच्या लसीबाबत संकोच आहे आणि तो दूर करण्यासाठी सलमान खान व धर्मगुरू यांची मदत घेऊ. मंत्र्यांचा हेतू चांगलाच होता. लस लोकांपर्यंत पोहोचायलाच हवी होती आणि संकोच होता हेही खोटे नाही. पण मनात प्रश्न आला, की मुस्लिमाशी बोलायचे तर एक नट किंवा एक मौलवी हेच दोन मार्ग का? मालेगावच्या यंत्रमागावर रोजंदारीने काम करणाऱ्या माणसाला लसीनंतर दोन दिवस ताप आला तर घर कसे चालवायचे, ही त्याची अडचण त्याच्या धर्मातून आलेली नसते. ती त्याच्या पोटातून आलेली असते. तिच्यावर ना सलमान खान उत्तर देऊ शकतो, ना मौलवी. तिथे दोन दिवसांची मजुरी उत्तर देऊ शकते, किंवा रात्रीचे लसकेंद्र. आमच्याशी बोलण्याआधी आम्ही कोण हे ठरवून टाकले, की आमचे म्हणणे ऐकण्याची गरजच उरत नाही.

आपल्याकडे बाजाराविषयीची एक हदीस आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका राशीत त्यांनी हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आतले ओले लागले. विचारल्यावर विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा त्यांनी विचारले की, लोकांना दिसावे म्हणून ओले धान्य वर का ठेवले नाहीस. आणि फसवणारा आमच्यातला नाही, असे बजावले. या प्रसंगात आम्हाला आमच्या प्रश्नाचे उत्तर सापडते. रास कशी रचावी, टोपली कोणत्या रंगाची असावी, गिऱ्हाइकाला हाक कोणत्या भाषेत मारावी, यांवर बंधन नाही. बंधन आहे ते वरचे आणि आतले धान्य एक असण्याचे. म्हणजे भाषा हजार असाव्यात, पण एका भाषेत जे वर ठेवले ते दुसऱ्या भाषेत खाली दडवू नये. ज्या कंपनीची मराठी जाहिरात आणि इंग्रजी करारपत्र शेजारी ठेवून वाचता येत नाही, तिची रास आतून ओली आहे. जी हाक फक्त मारली जाते आणि जिला उलट ओ देण्याची सोय नाही, ती हाक नाही, तो भोंगा आहे.

ही कसोटी दुसऱ्यांना लावणे सोपे आहे. ती स्वतःला लावल्याशिवाय हा लेख पुरा करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कारण आपणही आपली जाहिरात करतो. सद्भावनेच्या व्यासपीठावर मराठीत बोलताना आपण शेख महंमद, चक्कीनामे, शिरखुर्म्याची वाटी आणि शिवरायांच्या सैन्यातले मुस्लिम सरदार यांची रास वर रचतो. मोहल्ल्यातल्या जलशात उर्दूत बोलताना दुसरी रास वर असते. आपल्यातली जातपात, बागवान-मणियार-पिंजारी यांतले अंतर, बहिणींच्या वाट्याला न आलेला वारसा हे मराठी व्यासपीठावर खाली जाते. शेजाऱ्याशी असलेले प्रेम, त्याच्या सणातला आपला वाटा हे त्या जलशात खाली जाते. प्रत्येक श्रोत्यासाठी आपण वेगळे धान्य वर ठेवतो. समजूत अशी की आपण सलोखा राखतो आहोत. वेळ कठीण आहे, हे खरे. पावसाचे कारण त्या विक्रेत्याकडेही होते. तेही खरेच होते.

मुस्लिम मराठी लेखकाचे वेगळेपण काही असेल तर ते इथे आहे. त्याची भाषा अशी आहे की ती मोहल्ल्यातही वाचली जाते आणि शेजारच्या वाड्यातही. त्याला दोन आवृत्त्या काढता येत नाहीत. जे आपल्यांना सांगायचे तेच शेजाऱ्यांच्या कानावर जाणार आणि जे शेजाऱ्यांना सांगायचे ते आपल्या बहिणीही वाचणार. ही अडचण आहे असे आपल्याला पुष्कळदा वाटले आहे. टीका दोन्हीकडून झाली आहे. पण दोन्ही बाजूंना एकच धान्य दाखवायला भाग पाडणारी अशी भाषा मिळणे, ही आम्हाला अमानत वाटते.

त्या विम्याच्या मुलीला परवा आम्ही म्हटले, "ताई, तुम्ही मराठीतच बोला, मला बरं वाटेल." ती ओशाळली, मग हसली आणि मराठीत बोलू लागली. दोन मिनिटांनी आम्ही विचारले, "यातलं न मिळणारं काय आहे, तेही सांगा ना." यावर मात्र ती गप्प झाली. तिच्या कागदावर ते कोणत्याच भाषेत लिहिलेले नव्हते.